चौकातला आवाज आणि ऐकणारे कान

गावाने आपल्या कवीचा आणि गायकाचा सन्मान कसा करावा? आजवरची रीत आपल्याला माहीत आहे. पुतळा उभारावा, रस्त्याला नाव द्यावे, जयंतीला हार घालावा. आता या रीतीत एका नव्या प्रकाराची भर पडू लागली आहे. बागेत, चौकात किंवा तळ्याकाठी एक खांब उभा करायचा आणि त्यात छोटा स्पीकर बसवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याने बटण दाबले की गावातल्या कवीची कविता किंवा गायकाचे गाणे ऐकू येते. दगडाचा पुतळा मुका असतो, हा खांब बोलतो.

उत्तर कर्नाटकात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांचा दर रविवारी एक अभ्यासवर्ग भरतो. त्या वर्गात एका तरुण इंजिनिअरने ही कल्पना मांडली. धारवाड शहरासाठी सहा खांबांची एक योजना करून ती पालिकेकडे द्यावी, असे त्याच्या मनात होते. त्याने नकाशाही आणला होता. पाच नावे ठरली होती : मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी आणि कवी द. रा. बेंद्रे. सहावे नाव कोणाचे असावे, एवढेच त्याला आमच्याकडून हवे होते.

सगळ्यांनी कौतुक केले. सहाव्या नावावरून थोडी वादावादीही झाली. मग आमच्यातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "अरे बाळा, गंगूबाई गाणं शिकत होत्या तेव्हा रस्त्यानं जाताना लोक त्यांना टोमणे मारायचे. आता रस्त्यावर त्यांचाच आवाज लागणार. चांगलंच आहे. पण एक सांग, त्यांचं गाणं लोकांनी ऐकावं म्हणून हे करायचं, की आम्हाला त्यांचा केवढा अभिमान आहे हे लोकांना ऐकवायचं म्हणून?"

त्या प्रश्नाने वर्ग शांत झाला. प्रश्न धारवाडपुरता नाही, खांबांपुरता तर नाहीच. ज्याचा आपण सन्मान करतो, त्याचे आपण ऐकतो का? प्रत्येक साधकाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे. म्हणून त्या दिवशीचे आणि त्यानंतरचे चिंतन येथे मांडत आहे.

धारवाडची पुण्याई

धारवाड आणि त्याच्या आसपासच्या टापूत हिंदुस्थानी संगीताचे इतके मोठे साधक कसे निपजले, याचे अनेकांना नवल वाटते. हा तसा कानडी मुलूख. पण किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबाराकडे जाता-येता धारवाडला मुक्काम करीत. त्यांनी जवळच्या कुंदगोळच्या रामभाऊंना शिकवले. हेच रामभाऊ पुढे सवाई गंधर्व म्हणून प्रसिद्ध झाले. सवाई गंधर्वांनी गंगूबाईंना आणि भीमसेन जोशींना घडवले.

धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० साली जन्मलेल्या मल्लिकार्जुन मन्सूरांची वाट वेगळी होती. लहानपणी ते नाटक मंडळीत होते. मिरजेच्या नीलकंठबुवांनी त्यांचा गळा ओळखला आणि त्यांना शिष्य करून घेतले. पुढे मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडून त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याची विद्या मिळाली.

त्याच धारवाडात १८९६ साली दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे जन्मले. घरात मराठी बोलणारा हा मुलगा कन्नड भाषेचा महाकवी झाला. 'नाकु तंती' म्हणजे 'चार तारा' या काव्यसंग्रहासाठी त्यांना १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. १९५० साली धारवाडला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. त्या केंद्राला पुढे बेंद्रे आणि मन्सूर या दोघांच्याही सल्ल्याचा लाभ झाला.

एवढी पुण्याई ज्या शहराच्या पदरी आहे, तेथे आवाजाचे स्मारक उभे राहावे असे एखाद्या तरुणाला वाटले तर ते स्वाभाविकच आहे.

तीन मिनिटांची तबकडी

अशा खांबाचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. बागेत फिरायला आलेला माणूस दोन-तीन मिनिटे गाणे ऐकेल आणि पुढे जाईल. मन्सूरांसारख्यांचे गाणे असे तुकड्यांत ऐकायचे असते का?

ही शंका रास्त आहे. पण याच मातीतल्या दोन आठवणी तिला उत्तर देतात.

गंगूबाई लहान असताना रस्त्यावर ग्रामोफोन वाजू लागला की घराबाहेर धावत जात. ते गाणे ऐकत आणि घरी येऊन तसे म्हणून पाहत. त्यांची आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या होत्या. घरात एक संगीत होतेच, दुसरे संगीत रस्त्यावरून कानी आले. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी कुटुंब हुबळीला आले, आणि गंगूबाई रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकू लागल्या.

भीमसेन जोशी यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. भजनाची दिंडी किंवा मिरवणूक दिसली की हा मुलगा तिच्यामागे जाई आणि दमून कुठेतरी झोपी जाई. शेवटी शिक्षक असलेल्या वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असे लिहून ठेवले, म्हणजे लोक त्याला घरी आणून सोडतील. याच मुलाने एकदा दुकानात लागलेली अब्दुल करीम खाँ साहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकली. ती ऐकून आपल्याला असेच गायचे आहे हे त्याच्या मनाने घेतले. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला.

त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्याने एका मुलाचे आयुष्य ठरले. म्हणून रस्त्यावर लागलेल्या आवाजाला कमी लेखू नये. कोणता आवाज कोणाच्या कानी पडून काय घडवील, हे आपल्या हातात नसते.

मात्र यातली दुसरी बाजूही पाहायला हवी. त्या दुकानासमोरून त्या दिवशी अनेक लोक गेले असतील. तबकडी तीच, गाणे तेच. थांबला तो एक मुलगा. आवाज सर्वांसाठी होता आणि श्रवण एकाचे झाले. आवाजाची व्यवस्था आपण पैसे खर्च करून करू शकतो. थांबणारे मन मात्र विकत मिळत नाही. ते संस्काराने आणि साधनेने तयार करावे लागते.

आवाज हवा, माणूस नको?

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. गंगूबाईंना लहानपणी आणि तरुणपणी जे सोसावे लागले ते त्यांनी लपवले नाही. त्या काळी ज्या समाजाला खालचे मानत, त्या समाजात त्यांचा जन्म झाला होता. गाणे शिकायला निघालेल्या मुलीला 'गाणेवाली' म्हणून हिणवले जाई.

१९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तेथे स्वागतगीत गाण्याचा मान अकरा वर्षांच्या गंगूबाईंना मिळाला होता. एवढ्या मोठ्या प्रसंगाच्या आठवणीत त्यांच्या मनात काय राहून गेले? जेवणे झाल्यावर आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी पाने उचलायला सांगतील की काय, ही धास्ती. हजारो लोकांसमोर गाणारी मुलगी पंगतीत बसताना घाबरलेली होती.

येथे क्षणभर थांबूया. त्या मुलीचे गाणे लोकांना हवे होते, तिच्या आवाजाला मंडपात जागा होती. तिच्यासाठी पंगतीत जागा आहे की नाही, याची मात्र तिला खात्री नव्हती. ही खात्री तिला कोणी द्यायला हवी होती? तिच्या शेजारी बसलेल्या माणसाने. त्यासाठी ठराव लागत नव्हता. "बाळ, बस, जेव," एवढे बोलणे पुरेसे होते.

पुढे देशाने गंगूबाईंचा मोठा गौरव केला, त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या स्वतः कडवट झाल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. परंतु त्यांच्या मोठेपणामुळे आपली जबाबदारी संपत नाही.

बेंद्रे यांच्या वाट्याला वेगळे कष्ट आले. 'नरबली' या कवितेमुळे ब्रिटिश सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. त्यानंतर संसाराची ओढाताण झाली. ज्याच्या शब्दांचा पुढे भाषेला अभिमान वाटला, त्याच्या घरची चूल त्या वर्षांत कशी पेटत होती, हे किती जणांनी विचारले असेल?

कलावंत गेल्यावर त्याचा आवाज जपणे सोपे असते. तो आवाज काही मागत नाही. त्याला भूक लागत नाही, त्याची जात कळत नाही, तो रागावत नाही, घरभाडे थकवत नाही. जिवंत माणसाला मात्र हे सगळे असते. म्हणून आपल्या कृतज्ञतेची परीक्षा जिवंत माणसासमोर होते. स्मारकासमोर हात जोडताना आपण सगळेच उत्तीर्ण असतो.

आमच्या मंडळाची चूक

हे लिहिताना मला दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. कारण हीच चूक माझ्या हातून घडली आहे.

आमच्या देवळात कार्तिक महिन्यात पहाटे काकडा असतो. तेथे एक पेटीवाले अण्णा होते. दिवसा शिवणकाम करायचे आणि पहाटे पेटी घेऊन यायचे. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी ही सेवा केली. आवाज जाडाभरडा होता, वरच्या सुरात थोडा चिरायचा. पेटीच्या भात्यातून हवा निसटायची. पण कोणता अभंग कोणत्या चालीवर म्हणायचा आणि कोणत्या दिवशी कोणती गौळण घ्यायची, हे सगळे त्यांना पाठ होते.

मी त्या वेळी मंडळाचा खजिनदार होतो. देणगीतून आम्ही नवी स्पीकरची जोडी घेतली. काकड्याआधी पंधरा मिनिटे नामवंत गायकांचे अभंग लावू, म्हणजे लोक लवकर जमतील, अशी सूचना मीच केली. लोक जमू लागले. हळूहळू पंधरा मिनिटांची अर्धा तास झाली. नोकरीवर जाणाऱ्यांची घाई असायची, म्हणून पुढे पहिले दोन-तीन अभंग पेन ड्राइव्हवरच होऊ लागले. ऐकायला छान वाटायचे, कोणी तक्रार केली नाही.

एके दिवशी अण्णा पेटी न घेता आले. विचारले तर म्हणाले, "भाता दुरुस्तीला दिलाय." आम्ही ते मान्य केले. खरे सांगायचे तर आम्हाला ते सोयीचे होते. पुढच्या वर्षीही ते आले. मागच्या रांगेत बसून टाळ वाजवत राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी ते गेले.

शोकसभेत त्यांचा एखादा अभंग लावावा, असे कोणीतरी सुचवले. सगळ्यांनी आपापले मोबाइल काढले. त्यांत देशभरातल्या गायकांची गाणी होती. चाळीस वर्षे आमच्यासमोर गाणाऱ्या माणसाच्या आवाजाचे एक मिनिटही कोणाकडे नव्हते. त्यांच्या पत्नी तेथेच बसल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "पेटी घरीच आहे. भात्याला काही झालं नव्हतं."

नामवंत गायकांच्या आवाजाचा यात काही दोष नव्हता. ते गायक स्वतः त्या देवळात असते तर कदाचित त्यांनीच अण्णांना पुढे बसवले असते. एका मोठ्या आवाजाने दुसरा लहान आवाज झाकायचे काम आम्ही केले, आणि त्याला भक्तीचे नाव दिले. तो सन्मान नव्हता, सोय होती.

कानाला पापणी नसते

सार्वजनिक जागेत आवाज लावण्याबाबत आणखी एक नैतिक प्रश्न आहे. पुतळा पाहायचा नसेल तर मान वळवता येते. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. आवाज नको असलेल्या माणसाच्याही आत शिरतो. आजाऱ्याच्या खोलीत शिरतो, परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वहीवर येऊन बसतो, रात्रपाळी करून दुपारी झोपलेल्या कामगाराला उठवतो.

आपल्या देशात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला बंदी, रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, असे हे नियम आहेत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले, की ज्याला ऐकायचे नाही त्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कोणालाही नाही.

कायदा आहे म्हणून आवाज कमी ठेवणे ही झाली नागरिकाची पायरी. साधकाची पायरी त्याच्या पुढची आहे. शब्दाने कोणाला दुखवू नये, हे आपण अहिंसेत धरतो. मग आवाजाने दुखवणे अहिंसेत कसे बसेल? भजन असले तरी ते दुसऱ्याच्या दुखऱ्या डोक्यावर आदळत असेल, तर ती आपल्या मनाची हौस झाली. भक्तीची खोली कर्ण्याच्या उंचीवर मोजता येत नाही.

याच प्रदेशात, बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे उदाहरण येथे आठवते. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. हवा मानवेल म्हणून ते मध्य प्रदेशातल्या देवासला गेले. गाणे बंद करा, असे डॉक्टरांनी सांगितले. काही वर्षे हा गायक अंथरुणावर पडून होता. पण कान उघडे होते. माळव्यातल्या बायाबापड्या दारावरून, शेतावरून, सणावाराला जे गात जात, ते त्यांनी ऐकले. बरे झाल्यावर त्यांच्या गाण्यात जे नवे आले, कबीरांच्या निर्गुणी पदांना त्यांनी जो आवाज दिला, त्याच्या मुळाशी हे ऐकणे होते.

त्या बायाबापड्यांपैकी कोणी ध्वनिवर्धक लावून गात नव्हते. एक माणूस शांत पडून होता, म्हणून त्याला ऐकू आले. गावाला आपल्या गायकांचा सन्मान करायचा असेल, तर आधी थोडी शांतता राखावी लागेल. गोंगाटात आणखी एका आवाजाची भर घातली, तर तो आवाज मन्सूरांचा असला तरी गोंगाटच होईल.

'आमचा' म्हणजे कोणाचा?

अशा स्मारकांत अभिमानाचा एक धोकाही असतो. 'आमच्या गावचा कवी', 'आमच्या भाषेचा गायक' असे म्हणताना छाती फुगते. प्रेमाने म्हटले तर ठीक, पण हा 'आमचा' शब्द हळूच कुंपण घालू लागतो.

धारवाडच्या संगीताकडे पाहिले तर ते कुंपण टिकत नाही. उत्तरेतल्या कैराना गावचे मुसलमान उस्ताद, त्यांचे कुंदगोळचे ब्राह्मण शिष्य, त्या शिष्याकडे शिकलेल्या गंगूबाई, मिरजेच्या बुवांनी घडवलेले लिंगायत घरातले मन्सूर. अब्दुल करीम खाँ साहेब मिरजेला स्थायिक झाले, आणि आजही तेथल्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात. यातला एक दुवा काढला तर माळ तुटेल. हे गाणे कोणाचे? कर्नाटकाचे, महाराष्ट्राचे, हिंदूंचे, मुसलमानांचे? भाषेच्या सीमेवरून आजही वाद होतात. तेव्हा घरात मराठी बोलणाऱ्या आणि कन्नडमध्ये लिहिणाऱ्या बेंद्रे यांची आठवण ठेवावी. त्यांनी मराठीतही लेखन केले. दोन्ही भाषा त्यांना आपल्या वाटल्या.

बेंद्रे यांनी काव्यासाठी नाव घेतले 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आधी आईचे नाव, मग स्वतःचे. मी लिहिले असे म्हणण्याआधी मी कोणाचा आहे, हे सांगण्याची ही रीत आहे. गावानेही ती उचलावी. 'हा आमचा कवी' असे सांगण्याऐवजी 'आम्ही याचे ऋणी आहोत' असे सांगावे. पहिल्या वाक्यात मालकी आहे, दुसऱ्यात कृतज्ञता आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, मनावरचा परिणाम मात्र उलटा होतो.

ऐकल्यानंतर काय?

आपल्या परंपरेत श्रवणाला फार वरचे स्थान आहे. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. वेदान्तातही श्रवण, मनन आणि निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे. आधी ऐका, मग त्यावर विचार करा, मग ते जगण्यात उतरवा. कानावर पडणे म्हणजे श्रवण नव्हे. श्रवणात ऐकणारा हजर असावा लागतो.

या क्रमाचे एक व्यवहारातले उदाहरण पाहा. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या सहकार्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावातले शेतकरी ठरलेल्या दिवशी एकत्र बसून रेडिओवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून त्या विषयावर आपसांत चर्चा करीत. आपल्या गावात काय करता येईल, हे ठरवीत. विषय शेतीचे आणि गावाच्या सुधारणेचे होते, अध्यात्माचे नव्हते. पण रचना तीच होती : श्रवण, मनन आणि मग कृती. रेडिओ बंद केल्यावर खरे काम सुरू होत असे.

बोलक्या खांबालाही हीच कसोटी लावावी. गाणे संपल्यावर काय होते? माणूस पुढच्या बटणाकडे वळतो, की घरी जाऊन तो राग पुन्हा ऐकतो? खांबाबरोबर स्वतःचा फोटो काढतो, की शेजारच्या अनोळखी माणसाला विचारतो, "तुम्ही यांना प्रत्यक्ष ऐकलं होतं का हो?" असा एक प्रश्न विचारला गेला, तरी खांब सार्थकी लागला.

सहावा खांब

त्या रविवारी सहाव्या नावावर एकमत झाले नाही. कोणी कुमार गंधर्व म्हणाले, कोणी सवाई गंधर्व. दोन्ही नावे थोर. शेवटी काकूंनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "सहाव्यावर नाव नकोच घालू. तो जिवंत माणसांसाठी ठेव."

म्हणजे काय? दर महिन्याला गावातल्या एका अप्रसिद्ध, हयात माणसाचा आवाज तेथे ठेवायचा. कधी जोगत्याचे चौंडके, कधी भजनी मंडळातले बुवा, कधी शाळेत कविता शिकवणाऱ्या बाई, कधी कानडीत सुगीची गाणी म्हणणारी आजी. आवाजाबरोबर त्या व्यक्तीचे नाव आणि गल्ली सांगायची. तिची परवानगी घ्यायची. आणि त्या महिन्यात एका संध्याकाळी ती व्यक्ती खांबाशेजारी बसून प्रत्यक्ष गाईल, तेव्हा स्पीकर बंद राहील.

हे अशक्य नाही. महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नावही नोंदले गेले. पहाटे अंधारात दळताना गाणाऱ्या त्या बायांना कोणी कवी म्हटले नव्हते. कोणीतरी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले, म्हणून त्यांचा आवाज उरला.

तरुण इंजिनिअरने योजनेत बदल केले. आवाज आपोआप न लागता बटण दाबल्यावरच लागेल आणि खांबाजवळ उभ्या असलेल्या माणसापुरताच ऐकू येईल. रात्री खांब बंद राहील. प्रत्येक खांबापाशी एक बाक असेल, कारण उभ्याउभ्या श्रवण होत नाही. आणि सहावा खांब जिवंतांसाठी. अर्ज पालिकेत दिला आहे. मंजुरी मिळेल की नाही, ते पुढे कळेल.

पण सहाव्या खांबासाठी आम्हाला मंजुरीची गरज नव्हती. आता आमच्या अभ्यासवर्गात पहिली दहा मिनिटे एका माणसाला ऐकण्यासाठी असतात. दर रविवारी कोणीतरी शेजारपाजारचा येतो. गातो, कविता म्हणतो किंवा आपल्या आईची ओवी आठवून सांगतो. सूर चुकतो, शब्द अडतात. कोणी मधे बोलत नाही, कोणी घड्याळ पाहत नाही. पहिल्या रविवारी आम्ही अण्णांच्या पत्नींना बोलावले. त्यांना गाता येत नव्हते. त्यांनी पेटी आणली होती, ती मधोमध ठेवली. त्या दिवशीची दहा मिनिटे आम्ही गप्प बसलो. मला ती दहा मिनिटे फार जड गेली.

वाचकहो, आपल्याही गल्लीत, सोसायटीत, देवळात असे एखादे अण्णा असतील. त्यांचा आवाज कदाचित ध्वनिमुद्रणाच्या योग्यतेचा नसेल. त्यांच्यासाठी कोणी खांब उभारणार नाही. या आठवड्यात त्यांच्याकडे जावे. मोबाइल खिशात ठेवावा. "काहीतरी म्हणा ना," असे म्हणावे आणि पूर्ण होईपर्यंत ऐकावे. निघताना त्यांची परवानगी घेऊन एखादी चाल नोंदवून ठेवावी.

मोठ्यांचा सन्मान करण्याची पात्रता या छोट्या श्रवणातून येते. ज्याला शेजारच्या माणसाचे ऐकता येत नाही, त्याच्यासाठी चौकातला आवाज कितीही थोर असला तरी तो फक्त आवाजच राहतो.